उतर की, वाघ हाय का त्यात?

पाण्यात बुडायचंच असेल, तर पहिली गोष्ट, पोहायला शिकू नका. तसंही आपल्याकडे ते आता जमण्यासारखं राहिलेलं नाही. पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलता नाहीतर मामा लेकराच्या कमरेला दोर बांधायचा, पाठीवर वाळलेला भोपळा अडकवायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचा. आता सुट्टी लागते तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो, पाणी येतं तेव्हा शाळा भरलेली असते, आणि चुलता चाकणला कंपनीत असतो. यात वाईट वाटून घेऊ नये. पोहता येणारं पोरगं आधी खोली विचारतं, वर यायची वाट बघून ठेवतं. न येणाऱ्याचा एवढा वेळ जात नाही.

जागा निवडताना विहीर टाळा. तिला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला दगड लागतो. शेततळं घ्या. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यातलं मोठ्यात मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. म्हणजे ते काठोकाठ भरलं की धडधाकट माणसाच्या खांद्यावर दुसरा धडधाकट माणूस उभा केला तरी वरच्याचं नाक पाण्यातच. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि चारी उतारांना ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, आणि त्या कागदावर शेवाळ. आत जायला काही करावं लागत नाही, पाय ठेवला की माणूस आपोआप जातो. वर येताना मात्र कागदाला नख लागत नाही, पाय टिकत नाही. काठ हातभरावर दिसत असतो आणि पट्टीचा पोहणाराही त्या हातभरासाठी दमून जातो. तेव्हा काठावर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवायचा उद्योग करू नका. दोर शेळीला लागतो. टायरच्या जुन्या ट्यूबा भंगारात जातात, त्या पाण्यावर कशाला तरंगत ठेवायच्या? कुंपण घातलंच असेल तर फाटक उघडं असू द्या, आणि पाइपाचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या टोकाची झडप, साफ करायला एकट्यानेच उतरा. दुपारी, कोणी रानात नसताना.

पोळ्याला बैल धुवायला तळ्यावर जाल तेव्हा कासरा मनगटाला घट्ट गुंडाळून घ्या. बैलाला पोहता येतं. तो खोल पाण्यात निघाला की तुम्हालाही घेऊन जाईल. धुळवडीला आधी पिऊन घ्या आणि मग रंग काढायला धरणावर जा, यावर वेगळं सांगायची गरज नसावी.

ज्यांना वाहतं पाणी आवडतं त्यांच्यासाठी गोदावरी आहेच. गेल्या वर्षी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे यंदाही तेवढंच असणार, असं धरून चाला. रात्री वाळू ओढायच्या केनीने आणि पोकलेनने वाळू उपसली जाते, हे तुमच्या गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त तलाठ्याला आणि तुम्हाला नसतं. त्या खड्ड्यावरून पाणी वरून सपाटच दिसतं. एक पाऊल गुडघ्याएवढ्या पाण्यात, दुसरं डोक्यावर, आणि कडेची वाळू पायाखालून सरकत राहते.

पैठणला जायकवाडीचे २७ दरवाजे आहेत. विसर्गाचा भोंगा झाला की रील काढायला पात्रात उतरा. क्युसेक हा आकडा बातम्यांपुरता असतो, असं समजा. हिशेबच हवा असेल तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला जी ५० वाघिणींची पाण्याची रेल्वेगाडी यायची, तिच्यात २५ लाख लिटर पाणी असायचं. १० हजार क्युसेकचा विसर्ग तेवढं पाणी नऊ सेकंदांत सोडतो. जन्मभर पाण्याची वाट बघितल्यावर ते असं एकदम भेटायला आलं, तर आपण बाजूला कसं व्हायचं!

कोणी बुडत असेल तर तो हात हलवून ‘वाचवा’ म्हणेपर्यंत थांबा. सिनेमात तसंच असतं. खरं बुडणारा ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर आलं की त्याला आधी श्वास घ्यायचा असतो, आणि हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. पण असल्या गप्प माणसाकडे लक्ष द्यायचं कारण नाही, डुंबत असेल. नंतर लक्षात आलंच तर दोर, बांबू, धोतर, साडी, रिकामा कॅन असलं काही शोधत बसू नका, अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाका. तो घाबरून तुमची मान धरेल. मग तुमच्यासाठी तुमचा भाऊ उडी टाकेल, त्याच्यासाठी आई.

बाहेर काढलेल्याला पाय धरून उलटं टांगा, पोट दाबा, खांद्यावर टाकून गरगर फिरवा. तोंडाने श्वास देणं, छाती दाबणं, १०८ ला फोन करणं ही शहरातली थेरं. आपल्याकडे गर्दीतला प्रत्येकजण व्हिडिओ काढत असल्यामुळे फोन रिकामा नसतो.

आणि पुढची काळजी सरकारला आहे. शेतकरी अपघात योजनेत बुडून मृत्यू बसतो, वारसाला २ लाख रुपये मिळतात. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला असं सगळं जोडावं लागतं. वयाची अट १० ते ७५ आहे. तेव्हा घरात नऊ वर्षांचं लेकरू असेल, तर त्याला निदान वर्षभर तळ्याकडे जाऊ देऊ नका. प्रस्ताव त्रुटीत निघतो.