‘सी नाही तर पाया कच्चा’: त्या मेसेजला उत्तर

सांगलीतल्या आम्हा कॉम्प्युटरच्या शिक्षकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय, पहिल्यांदा कुठली प्रोग्रामिंगची भाषा शिकवावी, जुनी सी की नवी पायथन, यावर: ‘पहिल्या वर्षाला पायथन आणून पोरांचं वाटोळं केलं. सीशिवाय मेमरी कळत नाही. मोठी विद्यापीठं सीनंच सुरुवात करतात. कागदावर प्रोग्राम लिहिल्याशिवाय शिस्त येत नाही.’ पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स मीच घेतो, म्हणून लिहितोय.

आधी मेमरी. मागं एकदा टर्बो सीवर (सीचे प्रोग्राम चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) हळदीच्या पट्टीचा, म्हणजे अडत्याकडच्या विक्रीच्या हिशोबाचा प्रोग्राम दिला होता. दर १५,००० रुपये क्विंटल, माल ३ क्विंटल. तासगावकडच्या एका मुलीच्या स्क्रीनवर उत्तर उमटलं: -२०५३६. ‘सर, हळद घालून वर अडत्याला आपणच पैसे द्यायचे?’ सगळी लॅब हसली. टर्बो सीत इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा कप्पा, मेमरीत दोन बाइटचा. ३२,७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, म्हणून ४५,००० मधून ६५,५३६ वजा होऊन तो उणे निघतो. धडा झकासच. पण निम्म्या पोरांनी शेजाऱ्याचं बघून इंटच्या जागी ‘लाँग’ (मोठा कप्पा) टाकलं आणि जर्नल पूर्ण केलं. का, ते कुणी विचारलं नाही. सी शिकवली, मेमरी राहिली! (१९८७ सालचं हे टर्बो सी आज चालवायला डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम लागतो, ते वेगळंच.)

उलट पायथनमध्ये ए ही नावांची यादी घ्या, ‘बी = ए’ लिहून बीच्या यादीत एक नाव वाढवा. एची यादीही वाढते, कारण दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच यादीची. पोरं चमकतात, आणि मेमरीचा विषय आपोआप निघतो.

मोठ्या विद्यापीठांचं म्हणाल तर एमआयटीत पहिला कोर्स दोन दशकांहून जास्त काळ स्कीम नावाच्या भाषेत होता, नंतर पायथन आलं. हार्वर्डच्या सीएस५० या सुरुवातीच्या कोर्समध्ये सी आहे, पण त्याच्या आधी स्क्रॅच ही चित्रांची भाषा. ठोकळे जोडायचे!

कागदाचं मात्र अर्धं पटतं. सेमिकोलनसकट अख्खा प्रोग्राम परीक्षेत उतरवणं म्हणजे निव्वळ पाठांतर. पण दहा ओळींचा लूप (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारा तुकडा) घेऊन वहीत रकाने आखायचे, प्रत्येक फेरीला आय (फेऱ्या मोजणारा आकडा) किती, बेरीज किती ते पेन्सिलीनं भरायचं, हे झालंच पाहिजे. भाषा कुठलीही असो. ज्याला हा तक्ता भरता येत नाही, त्याला एररही वाचता येत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिल्या सत्रात पायथन आणि हे तक्ते, दुसऱ्यात सी. हळदीची पट्टी तिथं पहिल्याच आठवड्यात, आणि ‘लाँग’ का टाकलं ते सांगितल्याशिवाय जर्नलवर सही नाही.