त्या मेसेजखालून माझं नाव काढ

आज सकाळी वर्गाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पडला. यशस्वी विद्यार्थी काय काय सोडतात, त्याची यादी. पहिलाच मुद्दा गेमिंगचे ग्रुप. असले मेसेज मी उघडत नाही, पण खाली एकाने मला टॅग केलं होतं. "हे बघा आपल्याच वर्गातलं उदाहरण. हिने ग्रुप सोडला आणि ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये ३१ वरून थेट ६४!" त्याखाली टाळ्या आणि अंगठे. त्यातल्या निम्म्यांना मी कुठला ग्रुप सोडला होता तेही माहीत नाही.

दिवसभर डोक्यातून जात नव्हतं. लॅबमध्ये एकच प्रोग्राम तीनदा चुकला. म्हणून आता लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

आमचा ग्रुप पाच जणांचा. व्हॅलोरंट खेळतो, पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन शूटिंगचा गेम. नावं टाकत नाही, जो जे कॅरेक्टर खेळतो तीच आमच्यात हाक आहे: जेट, सोव्हा, सायफर, सेज आणि मी ओमेन. ओमेनचं मुख्य काम स्मोक टाकायचं. पंधरा सेकंद समोरच्याला पलीकडचं काही दिसत नाही, तेवढ्यात आपल्या माणसांनी पुढे सरकायचं. रोज रात्री साडेनऊला दोन मॅच, एक मॅच साधारण चाळीस मिनिटांची. सेजच्या घरात काय चाललंय, जेट कशामुळे गप्प आहे, कुणाचं सबमिशन अर्धवट राहिलंय, हे सगळं तिथेच कळायचं. प्रत्येक राऊंडच्या आधी बंदुका घ्यायला तीस सेकंद मिळतात. त्या तीस-तीस सेकंदांत सोव्हाने मला ऑपरेटिंग सिस्टिम्समधला सेमाफोर (एकच गोष्ट अनेक प्रोग्रामना हवी असली की कुणी थांबायचं ते ठरवणारा सिग्नल) शिकवलाय, हप्त्याहप्त्याने. मध्येच राऊंड सुरू व्हायचा आणि राऊंड संपला की तो "हं, तर कुठे होतो आपण" म्हणून पुढचं वाक्य घ्यायचा.

मग माझा पेपर गेला. ३१. घरी बोलणी बसली आणि त्याच रात्री मी डिस्कॉर्डच्या, म्हणजे खेळताना आम्ही ज्या ॲपवर बोलायचो त्याच्या, सर्व्हरमधून बाहेर पडले. कुणाला एक शब्द सांगितला नाही. ॲपही काढून टाकलं. त्या वेळी मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं, आणि घरचेही खूश झाले.

त्या वाचलेल्या दीड तासात मी अभ्यास केला असेल असं वाटतंय ना? पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी रील्स बघायचे. दीड तासाचे अडीच व्हायचे. आधी दोन मॅच झाल्या की सायफर म्हणायचा, "चला, बंद करा, उद्या प्रॅक्टिकल आहे." रील्स बघताना असं कुणी म्हणत नाही. मध्ये दोनदा एकटीने अनोळखी लोकांबरोबर खेळून पाहिलं. माइकवर मुलीचा आवाज आला की काय ऐकावं लागतं, ते इथल्या मुलींना सांगायला नको. माइक बंद ठेवला, मग खेळणंच बंद केलं. त्या काळात मी जेवायलाही एकटी बसायचे. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्क मात्र सगळ्यांच्या लक्षात आले.

आता त्या मार्कांचं सांगते.

पुन्हा परीक्षेला नऊ दिवस उरले होते. मी ग्रुप सोडून पाच महिने झाले होते. रात्री सोव्हाचे अकरा फोटो आले. ना हाय, ना कशी आहेस. डेडलॉकच्या (सगळे प्रोग्राम एकमेकांसाठी अडून बसतात ती अवस्था) हाताने लिहिलेल्या नोट्स. शेवटून दुसऱ्या पानावर डायनिंग फिलॉसॉफर्सची आकृती होती. ज्यांनी हा विषय केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत, शेजारच्या दर दोघांत एक काटा आहे आणि जेवायला मात्र दोन लागतात. सगळ्यांनी एकदम डावा काटा उचलला की सगळे उजव्याची वाट बघत बसतात आणि कुणीच जेवत नाही. डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेल्या प्रश्नातून हे आलंय, हेसुद्धा त्याने समासात लिहिलं होतं. पुस्तकात त्या पाच जणांना नुसते नंबर असतात. सोव्हाने पाच गोलांत लिहिलं होतं: जेट, सायफर, सेज, सोव्हा, ओमेन.

ओमेन. पाच महिने झाले होते मला जाऊन. त्या गोलाची शाई जरा पसरलेली होती, हात लागून पसरते तशी.

माझे ६४ त्या अकरा पानांचे आहेत. डेडलॉकचा प्रश्न आला, मी आकृती काढली, नंबर घालताना हात थांबला, मग घातले. ज्या ग्रुपला मी सोडलं म्हणून तुम्ही टाळ्या वाजवताय, त्याच ग्रुपमधल्या मुलाने हे लिहून दिलंय! तोही याच वर्गात बसतो. त्याला कुणी टॅग केलं नाही, कारण तो 'गेमर' आहे ना. संताप होतो मला. एखादी मुलगी मित्र तोडते, न सांगता निघून जाते, आणि आपण तिला म्हणतो शाब्बास. असलं कसलं कौतुक?

हो, गेमिंगचं व्यसन असतं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घातलंय ते. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, तेही साधारण वर्षभर. असं ज्याचं होतं त्याने थांबावं, मदत घ्यावी, यावर माझं काही म्हणणं नाही. आणि पहिल्या वेळी पेपरच्या आदल्या रात्री मी दीड वाजेपर्यंत खेळत होते, तेही खरंय. सायफर "बंद करा" म्हणाला होता. मी ऐकलं नाही. ती चूक माझी होती, त्या चौघांची नव्हती. मी शिक्षा मात्र त्यांना दिली.

परत कशी गेले तेही सांगते. रिझल्टनंतर दोन महिने ते पान फोनमध्ये उघडून बघत होते. आकृतीखाली त्याने डेडलॉक सोडवायचा एक उपाय लिहिला होता, "पाचातल्या एकाने तरी आधी उजवा काटा उचलायचा." पुस्तकातलंच वाक्य आहे, त्याच्या मनात दुसरं काही नसेलही. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री मी त्याला मेसेज टाकला, "जागा आहे का?"

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "पाचवी रिकामीच आहे."

व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. रँक्ड मॅच, म्हणजे जिच्यावर गेममधली श्रेणी ठरते ती, एकट्याने, दोघांनी, तिघांनी किंवा पाच जणांनी मिळून खेळता येते. चौघांना येत नाही. गेमच सुरू करू देत नाही, कारण मग पाचवा अनोळखी माणूस टीममध्ये एकटा पडतो. म्हणजे मी गेल्यावर त्यांनी एक नवा माणूस घेतला असता की प्रश्न मिटला असता. घेतला नाही. सात महिन्यांहून जास्त काळ तिघं रँक्ड खेळायचे आणि चौथा आळीपाळीने नुसता व्हॉइसवर बसून राहायचा. हे मला सेजने सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. मी माइक बंद करून बसले होते थोडा वेळ.

पहिली मॅच ५-१३ ने हरलो. मधल्या काळात मॅप बदलले होते, माझे स्मोक भलतीकडे पडत होते, जेट दोनदा माझ्यामुळे मेला. कुठे होतीस, का गेलीस, कुणी विचारलं नाही. जेट एवढंच म्हणाला, "उशिरा पडला तरी चालेल, पण टाकायच्या आधी सांग." मी सॉरी म्हणाले. कशाबद्दल ते त्यालाही कळलं असणार, तो जरा थांबला आणि म्हणाला, "पुढचा राऊंड चालू होतोय."

आता साडेदहाला आम्ही बंद करतो, उशिरात उशिरा अकराला. तसा नियमच केलाय, आणि या वेळी मी ऐकते. डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) चालू आहे, त्यातलं नॉर्मलायझेशन मी शिकवतेय, सायफरला, तीस-तीस सेकंदांत.

ज्याने टॅग केलं त्याला: तू वाईट मनाने लिहिलं नाहीस, माहितीये मला. सकाळी फार राग आला होता, आता तेवढा नाही. पण तिथून माझं नाव काढ. कुणाचं तरी घालायचंच असेल तर सोव्हाला विचारून त्याचं घाल, ती पानं त्याची आहेत. मी आता उठते, साडेनऊ होऊन गेलेत आणि लॉबीत चौघंच आहेत.