भात कोण कोणाला वाढतंय?

महाराष्ट्रातल्या धर्मांतरविरोधी कायद्यावरून आमच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. एका बाजूचं ठरलेलं: पोतंभर तांदळासाठी बाटतात लेकाचे, आणि बाटवणारे डॉलर घेऊन फिरतात. दुसऱ्या बाजूचंही ठरलेलं: मिशनऱ्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, पंडिता रमाबाईंना विसरलात का? मनिलात बसून हे वाचताना दोघांचाही सारखाच वैताग येतो. मिशनऱ्यानं काय दिलं, एवढाच दोघांचा हिशेब. त्याच्या ताटात काय पडलं, ते कोणीच विचारत नाही.

इथे मिशनरी बघायला लांब जावं लागत नाही. जीपनीत, म्हणजे इथल्या शेअर जीपमध्ये, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली दोन पोरं, पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, तिच्यावर 'एल्डर' आणि आडनाव. वय एकोणीस-वीस. ही मॉर्मन मुलं, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची. आपले मराठी लोक बीजीसीत, म्हणजे बोनिफासियो ग्लोबल सिटीत, फ्लॅट घेतात, त्याच्याच कडेला असलेल्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत २८ एप्रिल १९६१ रोजी मूठभर लोकांच्या प्रार्थनेनं यांचं इथलं काम सुरू झालं. आज इथे त्यांचे आठ लाखांहून जास्त सभासद आहेत. केसॉन सिटीतलं मंदिर १९८४ चं.

आता डॉलरचं बघू. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८. पगार शून्य. उलट अमेरिकेतून आलेल्या मुलामागे घरच्यांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. जुलै २०२० पूर्वी ४०० होते. दोन वर्षांचे झाले १२,०००. बरीच मुलं शाळेत असल्यापासून हॉटेलात भांडी घासून, लोकांच्या अंगणातलं गवत कापून यातले निम्मे-अर्धे स्वतः साठवतात. फिलिपिनो मुलं ऐपतीप्रमाणे भरतात, उरलेलं चर्च घालतं. आणि ग्रुपवरच्या मंडळींनी हे जरा नीट वाचावं: या पोरांना कोणाला पैसे द्यायची किंवा उसने द्यायचीही परवानगी नसते. मदत करायची तर ती बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, करतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्याचे पैसे देतात, त्या निधीतून. तांदळाच्या आशेनं रविवारी येऊन बसणारे इथेही आहेत, नाही असं नाही. पण ते बिशपच्या खोलीबाहेर बसतात. टायवाल्या पोरांकडून काही मिळत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तांदूळ वाहतो तो उलट्या दिशेनं. संध्याकाळी बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, आतल्या गल्लीत पोरं फाटकाबाहेरून 'ताओ पो', म्हणजे 'कोणी आहे का', अशी हाक देतात. आत पत्र्याखाली सहा-सात माणसं. बाई मुलीला सारी-सारीवर, म्हणजे गल्लीतल्या वाणसामानाच्या टपरीवर, पिटाळते. दीड लिटरचा कोक येतो, वहीत उधार मांडून. मग १५५ ग्रॅमचा सार्डिनचा एक डबा उघडतो. कढईत लसूण-कांदा, त्यावर डब्यातले मासे रश्श्यासकट, डबा विसळून तेच पाणी, दोन मुठी मिसुआच्या बारीक शेवया आणि परसातला मालुंगाय. मालुंगाय म्हणजे आपला शेवग्याचा पाला. मासे चार, खाणारी तोंडं आठ-नऊ. म्हणून सगळी भिस्त भातावर. साधा तांदूळ ४०-४५ पेसो किलो. २० पेसोनं देऊ, असं आताचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी २०२२ च्या प्रचारात सांगितलं होतं, ते असो. पाहुण्यांना आधी वाढतात. घरची मंडळी भिंतीला टेकून बघत बसतात आणि पाहुणे उठल्यावर उरलेलं खातात.

अमेरिकेतल्या युटामधून आलेल्या पोराचा पहिला धडा इथे सुरू होतो आणि तो बायबलमधला नसतो. नको म्हटलं तर बाईची मान खाली जाते. दुसऱ्यांदा घेतलं तर धाकट्याचं ताट रिकामं राहतं. अनुभवी जोडीदार काय करतो? पहिला घास पटकन घेतो, मासा एकच आणि तोही लहान घेतो, भात थोडा वाढून घेऊन ताट स्वच्छ करतो आणि 'बुसोग', म्हणजे पोट भरलं, म्हणून पोटावर हात फिरवतो. नवखा ताटात थोडं सभ्यपणे शिल्लक ठेवतो. अशा घरात तोच अपमान वाटू शकतो. पुढच्या वेळी हीच पोरं आधी बाईची कपड्यांची बादली विहिरीवरून आणतात, पत्र्याला डांबर लावून देतात, मग जेवायला बसतात. पैसे द्यायची मनाई आहे, अंगमेहनतीची नाही.

यांचा दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग वाचन, मग जोडीदाराबरोबर वाचन, मग भाषा. दुपारचं ऊन, संध्याकाळचा पाऊस, रात्री नऊपर्यंत दारं, साडेदहाला दिवा बंद. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा, न्हाणीघर सोडून. निवड आपली नसते. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. सोमवार सुट्टीचा: प्लॅस्टिकच्या घमेल्यात हातानं धुणं, बाजार, घरी फोन. फेब्रुवारी २०१९ पर्यंत आईचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकायला मिळायचा, आता दर आठवड्याला मिळतो. जुने मिशनरी म्हणतात, त्यामुळे पोरं मऊ झाली. मला तरी यात चर्चला उशिरा सुचलेलं शहाणपण दिसतं.

बिघडतं काय काय, तेही सांगतो. बुटांचा तळ पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. हुशार पोरं नवे बूट घेतल्याबरोबर रस्त्यावरच्या मोच्याकडून तळ कडेनं शिवून घेतात. पुराच्या पाण्यातून पायाला खरचटलेलं असताना चाललं की लेप्टोची भीती. पिण्याचं पाणी रिफिलिंगवाल्याच्या निळ्या कॅनमधलं, पण सभासदाच्या घरचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण विचारणार?

हे सगळं सुधारता येतं. सुधारत नाही तो 'हो'. 'रविवारी येणार ना?' 'ओपो, एल्डर.' रविवारी सकाळी आठला न्यायला जावं तर दाराला कडी, आणि पोरगं खिडकीतून सांगतं, आई नाहीये. आई आतच असते. तोंडावर नाही म्हणून पाहुण्याला लाजवायचं नाही, हा इथला शिष्टाचार. नवखा मिशनरी याला खोटेपणा म्हणतो आणि वहीत अपयश मांडतो: या आठवड्यात कबूल झालेले बारा, आलेले शून्य. सहा-आठ महिन्यांनी त्याच्या लक्षात येतं की हो म्हणताना नजर कुठे होती, त्यावर सगळं आहे. मग तो 'येणार का?' विचारणं सोडतो आणि 'तांदूळ निवडायला मदत करू का?' विचारतो. आध्यात्मिक वाढ वगैरे ज्याला म्हणतात, ती मला इथे दिसते.

शिवाय ही माणसं काही देवाविना बसलेली नाहीत. २०२० च्या जनगणनेत जवळपास ७९ टक्के कॅथलिक. घरोघरी सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशूची मूर्ती, त्याच्यापुढे दिवा. ९ जानेवारीला मनिलातल्या कियापोत काळ्या नाझरेनोच्या, म्हणजे काळ्या येशूमूर्तीच्या, रथाची दोरी ओढायला लोटणारा जनसागर बघून आपल्याला वारी आठवतेच. अशा घरात विशीतलं पोरगं येशू शिकवायला जातं, आणि दोन मुलं गमावलेली म्हातारी त्याचाच हात धरून त्याच्यासाठी प्रार्थना करते. धिटाई घेऊन आलेला पोरगा वर्षभरात गप्प बसायला शिकतो. सगळेच शिकतात असं नाही. काही जण दोन वर्षं आकडेच मोजतात आणि तसेच परत जातात.

बाप्तिस्म्याची वाटही ग्रुपवर समजतात तितकी घसरगुंडी नाही. धडे घ्यायचे, रविवारी सभेला यायचं, उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा. दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद. फिलिपिनो माणसाला कॉफी सोड म्हणणं किती अवघड! थ्री-इन-वनच्या पुड्यांवर हा देश उभा आहे. लामायला, म्हणजे शवपेटीशेजारी रात्र-रात्र जागताना, कॉफी नको म्हणणारा माणूस दुःखात सामील नाही असं धरलं जातं. मग मायलो. पण त्याहून मोठी धोंड लग्नाची. जोडपं लग्नाशिवाय राहत असेल तर आधी लग्न, मग बाप्तिस्मा. आणि फिलिपिन्समध्ये मुसलमान सोडले तर घटस्फोटच नाही. नवरा पंधरा वर्षांपूर्वी निघून गेला, बाई दुसऱ्याबरोबर सुखानं नांदते, तीन मुलं आहेत, तरी कागदावर ती पहिल्याचीच. विवाह रद्द करवायला वकिलाला लाखा-लाखांत पेसो मोजावे लागतात. ती बाई वर्षानुवर्षं सभेला येते, मागच्या बाकावर बसते, तिचा बाप्तिस्मा होत नाही. ज्यांच्या वाटेत ही धोंड नाही त्यांनी आधी लग्न केलेलं नसल्याचा सेनोमार काढायचा, मग परवान्यासाठी अर्ज, तो दहा दिवस नगरपालिकेच्या फलकावर, परवाना १२० दिवस चालणार. पाच वर्षं एकत्र राहिल्याचं शपथपत्र दिलं तर परवाना लागत नाही. मेयर वर्षातून एखादा सामुदायिक विवाह फुकट लावून देतो, त्यात नाव घालता येतं. हे सगळं टायवाला पोरगा सिटी हॉलच्या रांगेत उभा राहून शिकतो.

त्यानंतर नातेवाईक. मॉर्मन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, आठ वर्षांचं झाल्यावरच देतात. म्हणजे नव्या सभासदाच्या बाळाला निनोंग-निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्म-मायबाप, नाहीत. इथे बारशाच्या निनोंगवर पुढची वीस वर्षं टिकलेली असतात: नोकरीची ओळख, शाळेची फी, नाताळातला आहेर. ती साखळी तोडणाऱ्याला तांदूळ मिळत नाही, मिळत होता तो जातो.

प्रत्यक्ष विधी कडक. पाण्याचा दाब कमी असला की हौद भरायला पहाटेच नळ सोडावा लागतो. माणूस पूर्ण बुडला पाहिजे. पायाचं बोट किंवा केसांची बट वर राहिली, किंवा प्रार्थनेतला एक शब्द चुकला, तरी दोन साक्षीदार मान हलवतात आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. एवढं करूनही लोक गळतात. पूर्वी झटपट बाप्तिस्मे देऊन आकडे फुगवले गेले. २००२ ते २००४ मध्ये डॅलिन ओक्स इथले प्रमुख होते, तेच आता चर्चचे अध्यक्ष आहेत. त्यांनी आलेल्यांना टिकवण्यावर भर दिला, कारण यादीतली नावं आणि बाकावरची माणसं यांचा मेळ बसत नव्हता. माझ्या मते आजही बसत नाही.

उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, आणि प्रलोभनाच्या व्याख्येत चांगल्या राहणीमानाचं आश्वासनही धरलं आहे. अशा कायद्याची बाजू घेणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: त्या सार्डिनच्या रश्श्यापुढे बसलेल्यांपैकी प्रलोभन कोणाला दाखवलं, म्हणून लिहाल? कोणी म्हणेल, फिलिपिन्स आधीच ख्रिस्ती, तुलना चुकीची. बरं, चुकीची. पण तुम्हीही ख्रिस्तीबहुल मिझोरामचं उदाहरण आझाद मैदानात चालवता, मग मलाही एवढी सवलत द्या.

आणि मिशनरी नेहमी बाहेरूनच आपल्याकडे येतात, हेही खरं नाही. वसईत १५५६ च्या सुमारास जन्मलेला गोंसालो गार्सिया पोरवयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. त्यांनी त्याला संघात घेतलं नाही, म्हणून व्यापारी झाला आणि शेवटी याच मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा बंधू झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांचा दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. आपल्याकडचा माणूस इथे येऊन मिशनरी झाला, पण हे ग्रुपवर सांगितलं की विषय क्रिकेटवर जातो.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. चहा सोडणं मला जमणारं नाही. या पोरांची बाजू घेताना मला जी चीड येते ती निव्वळ तत्त्वाची आहे, असं म्हणवत नाही. आम्ही भारतीय इथे वर्षानुवर्षं राहतो: सबडिव्हिजनच्या गार्डमागे, कुकर, मसाल्याचं पार्सल, दिवाळीला हॉल. फिलिपिनोंच्या लेखी प्रत्येक भारतीय 'बुंबाय', म्हणजे मोटरसायकलवरून फाइव्ह-सिक्सचं, पाच देऊन सहा घेण्याचं, व्याज गोळा करणारा. मी तर खरोखरच मुंबईचा, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांच्या हातचं आम्ही रोज खातो, त्यांच्या घरी जेवायला मात्र आमच्यातलं जवळपास कोणी गेलेलं नाही. आयडाहोचं पोरगं सहा महिन्यांत इथल्या बिसाया भाषेत विनोद करतं आणि त्याच घरात भिंतीला टेकून बसतं. त्याला दोन वर्षांत जे मिळतं ते आम्हाला परमनंट रेसिडेन्सीच्या शिक्क्यासह मिळालेलं नाही, आणि हे मला झोंबतं.

ग्रुपवरच्या एका काकांनी काल शेवटचं अस्त्र काढलं: "उद्या तुझ्या पोरांना भेटायला घरी आले तर?" येऊ देत की, काका. कॉफी चालत नाही, चहा चालत नाही, कलामांसीचं, म्हणजे इथल्या छोट्या लिंबाचं, सरबत करावं लागेल. आणि भात जरा जास्त लावावा लागेल, कारण ही पोरं सकाळपासून चालत असतात.