‘कॉम्प्युटरवर सॅटेलाइट चॅनेलचं गाइड येतच नाही’: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

घोडबंदर रोडच्या टॉवरपासून नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपर्यंत, ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे भरायचे चॅनेल सबस्क्रिप्शनशिवाय दिसत नाहीत, तसंच त्यांचं गाइड, म्हणजे कार्यक्रमांचं वेळापत्रकही लॉक असतं. विंडोज मीडिया सेंटर (मायक्रोसॉफ्टचा टीव्ही बघायचा प्रोग्रॅम) गेल्यापासून घरच्या कॉम्प्युटरवर टीव्हीचा काही मार्ग उरलेला नाही. गाइड आलंच तर फक्त चालू कार्यक्रमाचं येतं आणि त्याची वेळही चुकलेली असते. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून एकच उपाय, ‘लाइफटाइम गाइड’ची लिंक विकत घ्या.

पैसे भरायचे चॅनेल सबस्क्रिप्शनशिवाय दिसत नाहीत आणि मीडिया सेंटर गेलं, यातलं एवढंच खरं आहे. बाकीच्यावर विश्वास ठेवून लोक चांगली चालणारी ट्यूनर कार्डं (डिशचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारी) काढून ठेवतात आणि आई-वडिलांसाठी हौसेनं जोडलेला सेट मोडीत काढतात. ते थांबावं म्हणून हे उत्तर.

आधी लॉकचं बघू. डिशवरून येणाऱ्या एका प्रवाहात चित्र, आवाज आणि माहितीचे तक्ते असे वेगवेगळे धागे एकत्र असतात. चॅनेलची नावं एका तक्त्यात, कार्यक्रमांची माहिती दुसऱ्यात. या दुसऱ्याला ईआयटी म्हणतात आणि तो पीआयडी, म्हणजे धाग्याचा क्रमांक, १८ वर येतो. लॉक होतं ते चित्र आणि आवाज. डीव्हीबी या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीच्या ईएन ३०० ४६८ या मानकात स्पष्ट म्हटलं आहे, की ईआयटीचा ‘शेड्यूल’ भाग वगळता त्यात दिलेले तक्ते स्क्रँबल (लॉक) करायचे नाहीत. पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता कुणालाही वाचता येतो, तसंच हे. म्हणजे पैसे न भरलेल्या चॅनेलवरही आत्ता काय चालू आहे आणि नंतर काय आहे, हे ट्यूनर कार्डाला वाचता येऊ शकतं. काही कंपन्या सविस्तर गाइड स्वतःच्या बॉक्सपुरतं निराळ्या पद्धतीनं पाठवतात, हेही खरं. ब्रिटनमधल्या स्काय कंपनीचं ओपनटीव्ही हे त्याचं जुनं उदाहरण. टीव्हीहेडएंड या मोफत प्रोग्रॅममध्ये तेही वाचायची सोय करून ठेवलेली आहे.

डीडी फ्री डिशला तर मासिक शुल्कच नाही आणि तिथले बरेच चॅनेल खुले आहेत. त्याचा उपग्रह, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला आहे. ठाण्यातून डिश आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर धरावी लागते. इतक्या उंच कोनामुळे समोर टॉवर असला तरी पुष्कळदा सिग्नल मिळतो.

मीडिया सेंटरचा मुद्दा चटकन संपवू. विंडोज १० बरोबर ते आलं नाही आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याची गाइड सेवाही थांबवली, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण त्यानंतर काही उरलं नाही, हे साफ चूक. टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही, नेक्स्टपीव्हीआर हे सगळे चालू आहेत. कोडी हा टीव्ही-सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम टाकला आणि त्यातली टीव्हीची पाटी (मेन्यू) रिकामी दिसली, ही तक्रार फार ऐकू येते. कोडी स्वतः ट्यूनर चालवत नाही, तो फक्त दाखवतो. मागे टीव्हीहेडएंडसारखा प्रोग्रॅम लागतो. त्याची सेटिंग ब्राउझरमधून ९९८१ पोर्टवर होते आणि कोडी त्याच्याशी ९९८२ वर बोलतो. हा जोड दिला की पाटी भरते.

आता वेळेचा आणि ‘फक्त चालू कार्यक्रमाचा’ मुद्दा. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

ईआयटीचे दोन भाग असतात. पहिल्यात आत्ताचा आणि पुढचा कार्यक्रम. डीव्हीबीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याच ट्रान्सपॉन्डरवरच्या, म्हणजे उपग्रहावरून एकाच प्रवाहात येणाऱ्या, चॅनेलसाठी हा भाग दर दोन सेकंदांत एकदा तरी पाठवायचा असतो. दुसरा भाग शेड्यूलचा, म्हणजे पुढच्या दिवसांचा. तो पाठवणं ऐच्छिक असतं आणि रचनेनुसार त्यात ६४ दिवसांपर्यंतची माहिती मावते. किती दिवसांची पाठवायची, हे प्रसारक ठरवतो. त्यातून कार्ड एका वेळी एकाच ट्रान्सपॉन्डरवर बसलेलं असतं. तुम्ही संध्याकाळभर एकच चॅनेल बघत असाल, तर दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवरच्या चॅनेलचं गाइड गोळा कोण करणार? सेट-टॉप बॉक्स आपल्या सवडीनं हे काम करतो. कॉम्प्युटरला ते सांगावं लागतं. टीव्हीहेडएंडमध्ये ईआयटीचा ग्रॅबर (गाइड गोळा करणारा भाग) चालू करा आणि कार्ड मोकळं असताना, म्हणजे रात्री, सगळ्या ट्रान्सपॉन्डरवरून फेरी मारायची वेळ लावून द्या. सकाळी गाइडमध्ये किती भर पडली ते बघा. तरीही एखाद्या चॅनेलचं काहीच आलं नाही, तर तो प्रसारक शेड्यूल पाठवत नाही असं समजावं. तेवढ्या चॅनेलपुरती बाहेरची फाइल लागेल.

जुलैत मुसळधार पाऊस लागला की केयू बँडचा, म्हणजे आपल्या डिशचा, सिग्नल तुटतो, हे ठाणेकरांना सांगायला नको. गोळा झालेलं गाइड मात्र डिस्कवर असतं, ते पावसात जात नाही. फेरीच पावसात सापडली तर पुढच्या रात्री भरून निघते.

वेळ चुकते त्याचं कारण तर अगदी साधं आहे. ईआयटीमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. आपल्याकडे रात्री साडेआठला लागणारी मालिका तक्त्यात १५:०० अशी असायला हवी. कॉम्प्युटर त्यात साडेपाच तास मिळवून साडेआठ दाखवतो. प्रसारकानं तिथे सरळ २०:३० भरलं, की तुमच्या गाइडमध्ये तीच मालिका पहाटे दोनला दिसते. बाहेरून घेतलेल्या गाइडच्या, म्हणजे एक्सएमएलटीव्ही, फाइलमध्येही अगदी हेच होतं. तिथे वेळ २०२६०७१५२०३००० +०५३० अशी लिहिलेली असते. शेवटचं +०५३० गळलं, तर साडेआठचे पुन्हा पहाटेचे दोन. म्हणून मालिका पहाटे दोनला दिसली तर गाइड बोगस म्हणून फेकू नका. आधी कॉम्प्युटरचा टाइमझोन कोलकाता आहे का बघा. मग टीव्हीहेडएंडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ईआयटीच्या वेळेचा फरक भरायची जागा आहे, तिथे दुरुस्त करा.

मराठीबद्दलचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो वाचून लोक पुन्हा इंग्रजी नावांवर समाधान मानतात. कॉम्प्युटरला देवनागरी उत्तम कळते. डीव्हीबीत मजकुराच्या अगदी पहिल्या बाइटमध्ये पुढची अक्षरं कुठल्या पद्धतीनं लिहिली आहेत ते सांगायचं असतं. सगळ्या लिपी लिहिता येणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीसाठी तो बाइट सोळाच्या पायात (हेक्समध्ये) १५ असतो. तो गाळून नुसता मराठी मजकूर पाठवला, तर तुमचा प्रोग्रॅम तो रोमन अक्षरांचा समजून वाचतो आणि पडद्यावर कचरा येतो. चौकोन दिसत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे अक्षरं बरोबर पोचलेली असतात, कोडीच्या स्किनला (त्याच्या दिसण्याच्या साच्याला) देवनागरी फॉन्ट मिळालेला नसतो. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये स्किनचा फॉन्ट बदलून एरियलचा पर्याय घेतला की बहुतेक वेळा काम होतं. एक्सएमएलटीव्हीत तर प्रत्येक शीर्षकाला भाषा लावायची सोय आहे. एकाच कार्यक्रमाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही ठेवता येतं. घरातल्या आजींना मालिकेचं नाव मराठीत वाचता आलं, तर रेकॉर्डिंग लावायला त्यांना कुणाला हाक मारावी लागत नाही. यासाठी एक संध्याकाळ खर्च करणं मला मुळीच जास्त वाटत नाही.

राहिली विकत घ्यायची लिंक. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली एक्सएमएलटीव्ही फाइल, यापलीकडे त्यात काही नसतं. सर्व्हर बंद झाला की ‘लाइफटाइम’ संपली, आणि पैसे मागायला कुणाकडे जाणार? अशा लिंकबरोबर पुष्कळदा सशुल्क चॅनेलची प्लेलिस्टही गळ्यात मारतात. ती चोरी आहे, तिच्या वाटेला जाऊच नये. उघड्या वेळापत्रकांवरून अशी फाइल घरच्या घरी तयार करणारा वेबग्रॅब प्लस हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. ईआयटीत जे चॅनेल रिकामे राहिले, तेवढेच त्यात निवडा. फाइल टीव्हीहेडएंडला दिल्यावर प्रत्येक चॅनेलच्या पानावर गाइडचा स्रोत म्हणून तिच्यातली योग्य नोंद जोडा. एकाच वाहिनीचे एसडी आणि एचडी असे दोन चॅनेल असतील आणि त्यांवर कार्यक्रम तेच असतील, तर दोघांनाही एकच नोंद चालते.