स्पष्ट सांग हं, मला राग येत नाही

अभिप्राय मागायची योग्य वेळ म्हणजे काम हातावेगळं झाल्यानंतरची. कथा आधी स्पर्धेला पाठवून टाका. पोच आली की एखाद्याला गाठा आणि म्हणा, ‘जरा वाचून सांग ना. अगदी स्पष्ट सांग हं, मला राग येत नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका, सगळी मदार त्याच्यावरच आहे.

नेमकं काय हवंय ते मात्र सांगू नका. ‘मधला भाग रेंगाळतो का?’, ‘संवाद खरे वाटतात का?’ असं विचारलंत तर समोरच्याला कामाचं उत्तर देता येईल. ‘कशी वाटली?’ एवढंच पुरे.

रात्री उशिरा पाठवा, सकाळी ‘वाचलीस का?’ विचारा.

आलेलं उत्तर कसं झेलायचं, हे मला परवाच एका गुणी माणसाने शिकवलं. त्याची कथा पेन्सिल घेऊन निवांत वाचली. आवडलं ते आधी लिहिलं: म्हातारी दोरीवरचे सगळे कपडे काढते आणि मुलाचा शर्ट तेवढा राहू देते, तो प्रसंग फार सुरेख उतरलाय. मग लिहिलं, की सुरुवातीला पानंच्या पानं नुसता पाऊस पडतोय. आणि नायिका आधी ‘रेवा’ असते, पुढे ‘रेखा’ होते, ते मुद्दाम केलंय का? उत्तर आलं, ‘तुला कथा कळलीच नाही.’ बरं, नसेल कळली. मग स्पष्टीकरण आलं, कथेपेक्षा लांबलचक. मग ‘बाकी सगळ्यांना आवडली.’ मग ‘तू स्वतः काय लिहिलंयस?’ आणि रात्री स्टेटसला, ‘काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.’ अरे बाबा, ती रेखा कुठून आली एवढंच विचारलं होतं मी!

असो. अभिप्राय देणाऱ्यांसाठीही थोडं.

न वाचता ‘मस्त!’ लिहा.

त्याहून धीट असाल तर लेखन सोडा, लेखकाला धरा. ‘संवाद तुटक आहेत’ म्हटलं की तो बसून दुरुस्त करेल. ‘तुला माणसंच कळत नाहीत’ म्हणा, बसेल गप्प. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीने फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आणखी बिघडलं होतं. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की फायदा घटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुमच्या परखडपणाला शास्त्राचा आधार आहे, चालू द्या.

नाही, पुरे झालं. कौतुक हवं असेल तर कौतुकच मागा ना! ‘मन खट्टू झालंय, दोन बरे शब्द बोल’ म्हणालात तर चार बोलेन. पण ‘स्पष्ट सांग’ म्हणून माणसाची संध्याकाळ खायची आणि त्याने सांगितलं की त्यालाच मत्सरी ठरवायचं, ही शुद्ध लबाडी आहे. पटलं नाही तर ‘वाचलंस, बरं वाटलं’ म्हणून सोडून द्या, बदल करायची सक्ती कुणी केलीय? आणि ‘मस्त’वाल्यांनो, तुमच्यापैकी एकालाही रेवाची रेखा झालेली दिसली नाही, कारण एकानेही वाचलं नाही. वेळ नसेल तर नाही म्हणा. खोटं ‘मस्त’ ठोकून त्याला परीक्षकांपुढे तोंडघशी कशाला पाडता?