ओ कुठून आला म्हणे!

काल बाळाच्या रक्तगटाचा रिपोर्ट आला. ओ पॉझिटिव्ह. दादा बी, वहिनी ए. मामांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भरल्या खोलीत म्हणाले, "दोघांत कुणाचाच ओ नाही, मग ह्याचा कुठून आला?" आणि बघितलं वहिनीकडे. दादाकडे नाही, वहिनीकडे! पाच दिवसांची बाळंतीण ती. दुपट्याची कड बोटांत धरली होती, ती बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली तिने. आणि खोलीतलं एक माणूस तोंड उघडेल तर शपथ.

अहो, आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी रक्तगटाची दोन जनुकं येतात प्रत्येकाला. सोबत ए किंवा बी असला की ओ दिसत नाही, पण असतो तिथेच. दादात तो आहेच, कारण आमची आई ओ आहे आणि ओ गटाच्या आईकडे पोराला द्यायला दुसरं काही नसतंच. वहिनीतही तसाच दडलेला. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ, कुठल्याही गटाचं मूल होतं. ओची शक्यता दर खेपेला चारात एक. बर्नस्टाइन नावाच्या जर्मन गणितज्ञाने हे १९२४ मध्ये मांडलं, शंभर वर्षं होऊन गेली! मामा, ज्या ओचा जाब विचारत होतात ना, तो तुमच्या सख्ख्या बहिणीकडून आलाय.

दोघं पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह झालं की हीच कुजबुज. तेही शक्य असतं, कारण निगेटिव्हही असाच दबून राहतो. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडेंनी शोधलेला बॉम्बे ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट तर साध्या तपासणीत ओच दिसतो. पण शंका आली तर पुन्हा तपासणी करू, असं कुणाच्या मनात येत नाही. थेट बाईचं चारित्र्य!

"दोघांचा ग्रुप एकच, मुलं व्यंगाची होतील" म्हणत ठरलेली लग्नं मोडायला निघणारे हेच. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका नको म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं, ते दिलं का, हे मात्र यांतला एकही विचारत नाही.

मी तिथेच बोलले सगळं, आवाज चढवून. मामा म्हणाले, "मी आपलं सहज विचारलं." सहज विचारायचं होतं तर दादाकडे बघून विचारायचं होतं.