‘प्रत्येकाची आई शिक्षिका नसते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि रागाच्या भरात लगेच उत्तर टाइप करायला घेतलं. तेवढ्यात आमच्या इंदिरानगरातली वीज गेली, ते बरंच झालं. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की चारपैकी एका मुद्द्यावर तुम्ही साफ चुकलात, एकावर साफ बरोबर आहात, आणि उरलेल्या दोहोंत राग जास्त आणि माहिती कमी आहे.

ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या आईचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड फेब्रुवारी २०२४ मध्ये संपणार होतं. न्यू जर्सीतल्या माझ्या ताईनं कार्ड नव्यानं काढायच्या भानगडीत न पडता ऑगस्ट २०२३ मध्ये थेट नागरिकत्वाचा अर्ज भरला. मी इथे नाशिकमध्ये बसून त्या फायलीची निम्मी हमाली केली. त्यावर लिहिताना मी म्हटलं होतं, ‘कार्ड संपत आलं असेल तर नूतनीकरणावर पैसे घालवू नका, सरळ नागरिकत्वाचा अर्ज करा.’ त्यावर तुमचं म्हणणं असं: कार्ड संपायला सहा महिन्यांहून कमी वेळ असेल तर दोन्ही अर्ज करावेच लागतात, त्यामुळे माझा सल्ला लोकांना खड्ड्यात घालणारा आहे, तुमच्या निफाडच्या सासूबाई याच नादात दोनदा नागरिकत्वाच्या परीक्षेत नापास झाल्या आणि फी गेली, कारण ‘प्रत्येकाची आई शिक्षिका नसते, ताई’, नागरिकत्व गेलं की सातबाऱ्यावरचं नावही जातं, आणि शेवटी, चार डॉलर वाचवायला मी जन्मदात्या आईला देश सोडायला लावला.

सहा महिन्यांचं आधी घेते, कारण तिथे माझी बाजू पक्की आहे. तुम्ही म्हणता तो नियम होता, पण आता नाही. १२ डिसेंबर २०२२ पासून ज्यांनी नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, भरला त्यांच्या कार्डाची मुदत त्या अर्जाच्या पावतीनं आपोआप २४ महिने वाढते. कार्डावर जी संपायची तारीख छापलेली असते तिच्यापुढे २४ महिने. कार्ड संपायला सहा महिने असोत की सहा दिवस. वेगळा आय-९०, म्हणजे कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज, भरायची गरज उरली नाही. आईच्या वेळी नूतनीकरणाला ५४० डॉलर पडले असते, ते वाचले. नागरिकत्वाच्या अर्जाला ७२५ लागले. १ एप्रिल २०२४ पासून हे दर बदलले: नागरिकत्वाला ऑनलाइन ७१०, कागदावर ७६०, नूतनीकरणाला ४१५ आणि ४६५. मात्र कार्ड हरवलं असेल तर पावती वाढवणार कशाची मुदत? तिथे नूतनीकरणाचा अर्ज करावाच लागतो. लग्नावर मिळालेलं दोन वर्षांचं कार्ड हा तर निराळाच मामला, त्यात मी पडत नाही.

आणखी एक. कार्डाची मुदत संपली म्हणजे तिथे राहायचा हक्क संपला असं नसतं. कार्ड हा पुरावा, हक्क वेगळा. पासपोर्टची मुदत संपली म्हणून आपण भारतीय नाही असं कोणी म्हणत नाही, तसंच. पण पुराव्याशिवाय नोकरीत, बँकेत, विमानतळावर अडकायला होतं, आणि वैध कार्ड जवळ बाळगणं हा तिथला कायदाही आहे.

विमानतळाचं मात्र मी आधी नीट लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. मार्च २०२४. आई हिवाळा नाशिकला काढून परत निघाली होती. कार्ड संपून महिना झालेला. मुंबईला प्रवाशाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, म्हणून मी बाहेर खांबाला टेकून फोनवर. आत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कार्ड एक्स्पायर आहे. आईनं बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरातून पावती काढून दिली. तो वाचायला लागला आणि पहिल्याच ओळींत अडला. त्या कागदावर वरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की ही नोटीस कोणताही इमिग्रेशन दर्जा किंवा लाभ देत नाही. मुदत वाढल्याचा मजकूर आहे, पण खाली, बारीक टायपात. ‘आजी, ही तर नुसती रिसीट आहे.’ आईनं तोवर चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि मी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेल्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, ‘बाळा, इथून वाच.’ मग त्याचा वरिष्ठ आला, पेनाचं टोक एकेका शब्दाखाली सरकवत त्यानं तो परिच्छेद वाचला, कोणाला तरी फोन लावला, आणि चाळीस मिनिटांनी बोर्डिंग पास दिला. म्हणून सांगते, पावतीचा मूळ कागद जवळ ठेवा, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा एक तास आधी पोचा. नियम आपल्या बाजूनं असून भागत नाही, काउंटरवरच्या माणसाला तो वाचता यायला हवा.

आता तुमच्या सासूबाई.

इथे मला माफी मागायलाच हवी. माझी आई तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवत होती. परीक्षेच्या शंभर प्रश्नांचा कागद तिनं स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला आणि दोन आठवड्यांत पाठ केला. तेव्हा दहा प्रश्न विचारत, सहा बरोबर यावे लागत. तिला ‘अमेरिकेतली एक लांब नदी सांगा’ हा प्रश्न आला, तर तिनं मिसिसिपीही सांगितली आणि मिसुरीही, वर त्यांचा संगम कुठे होतो तेही सांगायला निघाली होती. अशा बाईच्या अनुभवावरून मी सगळ्यांना सल्ला दिला, ते चुकलंच.

ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी कायद्यात सूट आहे, पण ती नुसत्या वयावर मिळत नाही. वय आणि कार्डाची वर्षं दोन्ही धरतात. वय ५० आणि कार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि कार्डाला १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ होतं, आणि इतिहास-नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतात. वय ६५ आणि कार्डाला २० वर्षं, तर पाठ करायचे प्रश्नही निवडक वीसच. आता गंमत बघा. कार्ड दहा वर्षांचं असतं. म्हणजे आई-बापांचं पहिलं कार्ड संपतं तेव्हा त्यांना बरोब्बर दहाच वर्षं झालेली असतात आणि सूट अजून पाच वर्षं लांब असते. नेमक्या त्या घडीला ‘नूतनीकरण नको, नागरिकत्व घ्या’ असं सांगणं म्हणजे न पोहणाऱ्याला गोदेच्या पुरात ढकलणं. तुमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या, कार्डाला दहा वर्षं. त्यांना इंग्रजीतून वाचावं, लिहावं, बोलावं लागणारच होतं. पहिल्यांदा नापास झाल्यावर त्याच फीमध्ये दुसरी संधी मिळते, तीही गेली की अर्ज नामंजूर होतो आणि पैसे परत मिळत नाहीत. वर कार्डाचं नूतनीकरण राहिलंय ते राहिलंच. तुमचा राग मी समजू शकते.

आजार किंवा अपंगत्वामुळे शिकणं शक्य नसेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र देऊन सूट मागता येते, त्याचा वेगळा नमुना आहे. पण ‘आता या वयात लक्षात राहत नाही’ एवढ्यावर ती मिळत नाही. शिवाय २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना परीक्षा अवघड केली आहे: १२८ प्रश्नांतले वीस विचारतात, बारा बरोबर हवेत. माझ्या आईला आता तीही पेलली असती की नाही, सांगता येत नाही. तिला विचारलं तर म्हणते, पेलली असती.

आणि एक गोष्ट ना तुम्ही म्हणालात, ना मी लिहिली होती, पण नाशिकला येऊन-जाऊन असणाऱ्या आयांसाठी तीच सगळ्यात कळीची आहे. नूतनीकरणाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठे किती दिवस होतात याचा हिशोब मागत नाहीत. नागरिकत्वाच्या अर्जात मागतात, एकेका प्रवासाचा. पाच वर्षांत किमान ३० महिने अंग तिथे असायला हवं. एखाद्या खेपेत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरून चालतात आणि ते तुटलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर विषयच संपला, घड्याळ बऱ्याच अंशी पुन्हा शून्यावर. आपल्याकडच्या आया कशा राहतात? दिवाळीला येतात, मग नातवाची मुंज, मग कोणाचं तरी लग्न, मग आंबे खाऊनच जा. सात-आठ महिने कधी झाले कळतही नाही.

आमच्याकडे असंच झालं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं आणि ऑक्टोबर २०२१ ला आलेली ती मे २०२२ मध्ये गेली. सात महिने. अर्ज भरताना तारखा हव्या होत्या आणि पासपोर्टवरचे दोन शिक्के इतके पुसट की भिंग लावूनही ३ की ८ ते कळेना. मी विमान कंपनीच्या जुन्या ईमेल धुंडाळत बसले. आई उठली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून कालनिर्णयची जुनी भेंडोळी काढून आणली. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशोब. ज्या दिवशी ती आली तिथे ‘दूध १ लि.’ सुरू, गेली त्या तारखेला पेन्सिलनं ‘दूध बंद’. पाच वर्षांचं येणं-जाणं त्या दुधावाल्याच्या हिशोबातून काढलं, आणि ईमेल सापडले तेव्हा एका दिवसाचाही फरक निघाला नाही.

त्या सात महिन्यांबद्दल मुलाखतीत विचारलंच. आम्ही डॉक्टरांचे कागद, प्रवास करू नये असं लिहिलेली चिठ्ठी, तिथला भरलेला टॅक्स, तिथलं बँक खातं, तिथला आरोग्यविमा असं सगळं जोडलं होतं. अधिकाऱ्यानं मानलं. मानलं नसतं तर आजचा माझा आवाज एवढा चढा नसता. तेव्हा ज्यांचा हिशोब डळमळीत आहे त्यांनी आधी कार्डच नवीन करून घ्यावं. नूतनीकरण टाळू नये हे तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला मान्य आहे, कारण वेगळं असलं तरी. मात्र कार्ड नवीन केलं म्हणून वर्ष-वर्ष इथे राहायची मुभा मिळते असंही समजू नका. परत जाताना तिथला अधिकारी ‘तुम्ही नक्की राहता कुठे?’ असं विचारू शकतो.

सातबाऱ्याचं पटकन. परदेशी नागरिक झालं म्हणून वारसानं आलेल्या शेतजमिनीवरचं नाव जात नाही. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्या माणसाला, शेतजमीन, फार्महाउस, मळा विकत घेता येत नाही हे खरं. पण भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसालाही ते विकत घेता येत नाही! म्हणजे पिंपळगावच्या द्राक्षबागेची तुमची चिंता नागरिकत्वाशी नाही, परदेशात राहण्याशी निगडित आहे. बावीस वर्षं तुम्ही तिथे आहात, तर हा नियम आजही तुम्हाला लागू आहेच.

राहिला देश. भारतीय कायद्यात, १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेनं दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे, तो जमा करून प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय. मधल्या काळात भारतात यायचं तर व्हिसा लागतो, हे पुष्कळांना तिकीट काढल्यावर आठवतं. हे सगळं आईला मी आधी वाचून दाखवलं होतं. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘गुडघे बदलले, आता हेही बदलू. तिकडे आजारी पडले तर ताईला माझ्या कागदांसाठी धावायला नको.’ निर्णय तिचा होता, भाऊ. तो मी तिच्या गळ्यात घातला असं तुम्ही म्हणता, याचं मला वाईट वाटलं, एवढंच लिहून ठेवते.

२०२४ च्या दिवाळीनंतर ती ओसीआयवर आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि तिच्या नावाची चिठ्ठी घरी आली होती, कारण यादीतून नाव काढायचं आमच्याकडून राहून गेलेलं. सकाळी मी निघाले तर आईही साडी बदलून तयार. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘मला माहीत आहे. फाटकापर्यंत येते.’ शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली ती उभी राहिली. मी बाहेर आले तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईंना त्यांची खोली कुठली ते सांगत होती. नाव वगळायचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला.

मूळ लेखातलं ‘सरळ नागरिकत्वाचा अर्ज करा’ हे वाक्य मी आज काढलं आहे. त्या जागी इंग्रजीचं आणि दिवसांच्या हिशोबाचं लिहिलं आहे, आणि दुरुस्ती कोणामुळे झाली तेही. तुमचं नाव घातलेलं नाही, हरकत नसेल तर कळवा.

आणि सासूबाईंचं कार्ड काढून बघा. त्यावर ‘रेसिडेंट सिन्स’ असं लिहून पुढे एक तारीख असते. संपायची तारीख सोडा, ही बघा. तिच्यात पंधरा वर्षं मिळवा. आता आय-९० भरून टाका, त्याच्या पावतीवर ३६ महिने मुदतवाढ मिळते, आणि ती पंधरा वर्षांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. त्या दिवसानंतर सासूबाईंना मराठीतून उत्तरं देता येतील.